सांघिक खेळांतील पुनरावृत्त वेगधाव क्षमता : शारीरिक सुदृढतेच्या घटकांचा विचार

प्रस्तावना

फुटबॉलच्या सामन्यात खेळाडू ९० मिनिटांत साधारणतः १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. हा आकडा शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतून वारंवार उद्धृत झाला आहे. त्यामुळे फुटबॉल, हॉकी यांसारखे खेळ मुख्यतः दमदारपणाचे असून त्यांची तयारी मैदानाला फेऱ्या मारून करावी, असा समज अनेक क्रीडांगणांवर दृढ झालेला दिसतो. प्रत्यक्षात या अंतराचा मोठा भाग खेळाडू चालत किंवा मंद गतीने धावत पूर्ण करतो. पूर्ण वेगाने घेतलेल्या धावा प्रत्येकी दोन ते चार सेकंदांच्या असतात आणि एकूण अंतरात त्यांचा वाटा अल्प असतो. तरीही सामन्याचा निकाल बहुधा याच अल्प भागात ठरतो. जर्मनीच्या बुंडेसलिगातील ३६० गोलांचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गोल करणाऱ्या खेळाडूच्या गोलपूर्व हालचालींमध्ये सरळ रेषेतील वेगधाव ही सर्वाधिक आढळणारी कृती होती.

एकदा वेगाने धावणे ही एक गोष्ट आहे. तशीच धाव वीस सेकंदांनी पुन्हा घेणे, व नंतर आणखी एकदा घेणे, ही वेगळी गोष्ट आहे. या दुसऱ्या गुणाला क्रीडाशास्त्रात पुनरावृत्त वेगधाव क्षमता असे म्हणता येईल. ही क्षमता शारीरिक सुदृढतेच्या कोणत्या घटकांवर अवलंबून असते, तिचे मापन करताना कोणत्या चुका संभवतात आणि मर्यादित वेळेत ती कशी वाढविता येते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. महाविद्यालयीन संघाच्या निवडचाचणीत कोणाला घ्यावयाचे व कोणाला वगळावयाचे, याचा निर्णय या मापनांवर होत असतो.

संकल्पनेचे स्वरूप

दहा सेकंद किंवा त्याहून कमी काळाच्या कमाल वेगाच्या धावा आणि त्यांच्यामध्ये साठ सेकंदांपेक्षा कमी विश्रांती, अशी या क्षमतेची व्याख्या सामान्यतः स्वीकारली जाते. विश्रांती एक ते पाच मिनिटांची असेल, तर त्या प्रकाराला खंडित वेगधाव म्हणतात. हा भेद शब्दच्छलाचा नाही. दीर्घ विश्रांतीत स्नायू जवळजवळ पूर्ववत होतात व थकवा फारसा जाणवत नाही. अल्प विश्रांतीत मात्र पुढची धाव अपुऱ्या सावरलेल्या स्नायूंनी घ्यावी लागते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष हॉकी खेळाडूंच्या हालचालींचे काल-विश्लेषण प्रसिद्ध केले. किमान तीन वेगधावा आणि त्यांच्यामधील सरासरी विश्रांती २१ सेकंदांपेक्षा कमी, असा निकष त्यांनी लावला. अशा धावांच्या मधला जवळपास सर्व काळ खेळाडू उभा नसतो, तर चालत किंवा धावत असतो, हे त्यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. त्याचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

आपल्या मातीतल्या खेळांतही हे चित्र आढळते. खो-खोमध्ये खो मिळालेला खेळाडू बसलेल्या स्थितीतून उठतो, काही मीटर धावतो आणि खो देऊन पुन्हा बसतो. त्याला पुढचा खो केव्हा मिळेल हे त्याच्या हाती नसते, म्हणजेच त्याच्या विश्रांतीचा काळ इतर ठरवितात. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांत संपवावी लागते व प्रतिस्पर्ध्याची चढाई परतवून लगेच पुढची चढाई करण्याची वेळ येऊ शकते. अर्थात कबड्डीत धावेपेक्षा झटापटीला महत्त्व अधिक असल्याने धावण्यावरील संशोधनाचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. खो-खोच्या बाबतीत ते अधिक लागू पडतात.

ऊर्जेचा पुरवठा

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट म्हणजेच एटीपी या संयुगापासून मिळते. स्नायूंमधील एटीपीचा साठा इतका अल्प असतो की, तो सतत भरून काढला नाही तर कमाल वेगाची धाव काही सेकंदांतच थांबेल. तो भरून काढण्याचे तीन मार्ग आहेत : फॉस्फोक्रिएटिनचे विघटन, प्राणवायूविना होणारे ग्लायकोजेनचे विघटन म्हणजे ग्लायकोलिसिस, आणि प्राणवायूच्या साहाय्याने होणारे ज्वलन.

इंग्लंडमधील गायतानोस व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील पायाभूत प्रयोग मानला जातो. पुरुष प्रयुक्तांनी स्थिर सायकलवर प्रत्येकी सहा सेकंदांच्या दहा कमाल वेगधावा घेतल्या व प्रत्येक दोन धावांमध्ये ३० सेकंदांची विश्रांती ठेवण्यात आली. स्नायूंचे नमुने तपासले असता पहिल्या धावेत प्राणवायूविना निर्माण झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ५० टक्के फॉस्फोक्रिएटिनपासून व सुमारे ४४ टक्के ग्लायकोलिसिसपासून मिळाल्याचे आढळले. दहाव्या धावेत हे प्रमाण अनुक्रमे ८० व १६ टक्के झाले. ग्लायकोलिसिस जवळजवळ मंदावले होते.

या प्रयोगातील खरी लक्षणीय बाब पुढेच आहे. पहिल्या धावेच्या तुलनेत दहाव्या धावेत प्राणवायूविना होणारी ऊर्जानिर्मिती जवळजवळ दोन तृतीयांशाने घटली होती, परंतु सरासरी शक्ती केवळ २७ टक्क्यांनी कमी झाली. ऊर्जा इतकी घटूनही शक्ती टिकली, याचा अर्थ उरलेली तूट दुसऱ्या मार्गाने भरून निघाली. हा मार्ग प्राणवायूचा होता. सहा सेकंदांच्या धावेत प्राणवायूचे काम नगण्य असते, हे पाठ्यपुस्तकातील विधान एका धावेपुरते खरे आहे. धावांची पुनरावृत्ती होताच ते अपुरे ठरते.

फॉस्फोक्रिएटिनची पुनर्निर्मिती

विश्रांतीच्या काळात स्नायूंमध्ये मुख्यत्वे काय घडते, तर फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरतो. डॉसन व सहकाऱ्यांच्या १९९७ मधील अभ्यासात सहा सेकंदांच्या एका वेगधावेनंतर १० सेकंदांनी हा साठा विश्रांतीच्या पातळीच्या ५५ टक्के, ३० सेकंदांनी ६९ टक्के व तीन मिनिटांनी ९० टक्के होता. अशाच पाच धावांनंतर हे आकडे अनुक्रमे २७, ४५ व ८४ टक्के असे आले. म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांच्या विश्रांतीत खेळाडू अर्ध्या भरलेल्या भांड्यानिशी पुढच्या धावेला निघतो.

हा साठा कोण भरतो? १९७०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत व्यायामानंतर पायाचा रक्तप्रवाह पट्टा आवळून थांबविला असता फॉस्फोक्रिएटिनची पुनर्निर्मिती थांबली व प्रवाह मोकळा करताच ती सुरू झाली. ही प्रक्रिया प्राणवायूवर अवलंबून आहे, हे यावरून स्पष्ट होते. बोगदानिस व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३० सेकंदांच्या दोन धावांचा अभ्यास केला. ज्यांच्या स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन अधिक प्रमाणात भरून आले, त्यांनी दुसऱ्या धावेच्या पहिल्या दहा सेकंदांत अधिक शक्ती राखल्याचे त्यांना आढळले.

येथेच हॉकीच्या निरीक्षणाचा संबंध येतो. विश्रांतीच्या काळात खेळाडू मंद धावत राहिला, तर स्नायूंना मिळणारा प्राणवायू त्या धावण्यासाठीही खर्च होतो आणि साठा भरण्यास कमी उरतो. अतिशय अल्प विश्रांतीच्या प्रयोगांत उभे राहून घेतलेली विश्रांती ही सक्रिय विश्रांतीपेक्षा फायदेशीर ठरल्याचे अनेकदा दिसून आले आहे. ‘थांबू नकोस, पाय हलवत राहा’ हा मैदानावरील नेहमीचा उपदेश सामना संपल्यानंतर योग्य असेल, परंतु दोन वेगधावांच्या मधल्या वीस सेकंदांत तो तितकासा हितकारक नाही.

लॅक्टेटविषयीचा गैरसमज

थकव्याचे कारण विचारले असता आजही ‘लॅक्टिक ॲसिड साचते’ हे उत्तर सर्रास मिळते. लॅक्टेट हा स्वतः थकव्याचा कर्ता नाही. ते शरीराला उपयोगी पडणारे इंधनच आहे. ग्लायकोलिसिसच्या वेगासोबत वाढणारी स्नायूंची आम्लता, फॉस्फोक्रिएटिनच्या विघटनातून साचणारे असेंद्रिय फॉस्फेट आणि स्नायुपेशींबाहेर वाढणारे पोटॅशियम या बाबींचा विचार अधिक केला जातो. आम्लतेचे महत्त्वही पूर्वी मानले गेले तितके निर्विवाद राहिलेले नाही. डेन्मार्कमधील क्रुस्ट्रुप व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रत्यक्ष फुटबॉल सामन्यांदरम्यान स्नायूंचे नमुने घेतले. सामन्यातील तीव्र खेळानंतर वेगधावेची कामगिरी तात्पुरती घटली, परंतु ती घट स्नायूंतील लॅक्टेटशी जोडता आली नाही. सामन्याच्या अखेरीस मात्र कित्येक स्नायुतंतूंमधील ग्लायकोजेन संपत आलेले आढळले. यातून आहाराचा मुद्दा पुढे येतो. सकाळच्या सामन्याला उपाशी पोटी येणारा खेळाडू उत्तरार्धात मागे पडतो, तेव्हा त्याचे खापर सरावाच्या अभावावर फुटते. दोष कदाचित आदल्या रात्रीच्या ताटाचा असतो.

तथापि स्नायूंची आम्लता शमविण्याची क्षमता आणि पुनरावृत्त वेगधाव क्षमता यांचा संबंध काही अभ्यासांत आढळला आहे, विशेषतः महिला खेळाडूंवरील अभ्यासांत. ही क्षमता सरावाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. एज व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये महिलांच्या दोन गटांकडून पाच आठवडे सारखेच एकूण काम करवून घेतले. तीव्र अंतराल प्रशिक्षण घेतलेल्या गटात ही क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, तर मध्यम गतीने सलग व्यायाम केलेल्या गटात ती जवळजवळ आहे तेथेच राहिली.

मेंदू व चेताप्रणालीचा सहभागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. धावांची पुनरावृत्ती होताना स्नायूंना मिळणारी विद्युत चेतना काही प्रयोगांत कमी होत गेलेली दिसली. उष्ण हवामानात हा परिणाम ठळक होतो. २००५ मधील एका अभ्यासात शरीराचे आंतरिक तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर पुनरावृत्त वेगधावेची कामगिरी घसरली, आणि तिचे स्पष्टीकरण स्नायूंतील रासायनिक बदलांनी देता आले नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी खेळविल्या जाणाऱ्या सामन्यांच्या आयोजकांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

कोणता घटक किती महत्त्वाचा?

वरील विवेचनावरून प्राणवायूचा कमाल वापर करण्याची क्षमता, म्हणजेच व्हीओटू मॅक्स, हाच निर्णायक घटक असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष पुरावा इतका सरळ नाही. व्हीओटू मॅक्स आणि पुनरावृत्त वेगधाव यांचा सहसंबंध काही अभ्यासांत मध्यम, तर काहींत अगदी क्षीण आढळला आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या कुमार खेळाडूंवरील पाइन व सहकाऱ्यांच्या २००८ मधील अभ्यासात सहा धावांच्या एकूण वेळेचा २० मीटर धावेच्या वेळेशी सहसंबंध ०.६६ होता. दमदारपणाच्या शटल चाचणीशी तो केवळ उणे ०.२० होता. म्हणजे ज्याचा मूळ वेग अधिक, तोच पुनरावृत्तीतही बहुधा पुढे राहतो.

या विसंगतीचा उलगडा दोन गोष्टींनी होतो. पहिली म्हणजे प्राणवायूची कमाल मर्यादा आणि प्राणवायूचा वापर वाढण्याची गती या भिन्न बाबी आहेत. फुटबॉल खेळाडूंवरील २००५ च्या एका अभ्यासात ४० मीटरच्या १५ धावा घेण्यात आल्या. ज्यांचा प्राणवायूचा वापर व्यायामाच्या आरंभी लवकर वाढत होता, त्यांच्या वेगातील घट कमी होती. दुसरी गोष्ट मापनाची आहे, व तिचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

मापन आणि निवड

या क्षमतेच्या चाचणीतून सामान्यतः तीन आकडे मिळतात : सर्वोत्तम वेळ, सरासरी वेळ आणि घट-निर्देशांक. घट-निर्देशांक काढण्यासाठी सर्व धावांच्या एकूण वेळेला आदर्श वेळेने भागतात. सर्वोत्तम धावेची वेळ गुणिले धावांची संख्या, ही आदर्श वेळ होय. भागाकाराला शंभरने गुणून त्यातून शंभर वजा करतात. आकडा जितका लहान, तितकी घट कमी.

उदाहरणादाखल दोन खेळाडू कल्पावेत. पहिल्याच्या सहा धावांच्या वेळा ६.९, ७.०, ७.२, ७.३, ७.४ व ७.५ सेकंद आहेत. एकूण ४३.३ सेकंद आणि आदर्श वेळ ४१.४ सेकंद, म्हणून घट ४.६ टक्के. दुसऱ्याच्या वेळा ७.५, ७.५, ७.६, ७.६, ७.७ व ७.७ सेकंद. एकूण ४५.६ आणि आदर्श वेळ ४५.०, म्हणून घट केवळ १.३ टक्के. घट-निर्देशांकाच्या आधारे निवड केली तर दुसरा खेळाडू संघात येईल. वास्तविक पहिल्याची सर्वांत मंद धाव ही दुसऱ्याच्या सर्वांत वेगवान धावेइतकी आहे. चेंडूकडे धावताना सहाही वेळा दुसरा खेळाडू मागेच राहील.

असे का होते, हेही समजून घेण्यासारखे आहे. जो पहिल्या धावेत अधिक शक्ती लावतो, तो फॉस्फोक्रिएटिन व ग्लायकोलिसिस यांवर अधिक भर देतो आणि त्यामुळे त्याची घटही अधिक असते. जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक असणाऱ्या खेळाडूला हा निर्देशांक जणू दंडच करतो. शिवाय या निर्देशांकाची विश्वसनीयताही सरासरी वेळेपेक्षा कमी असल्याचे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणून निवडीसाठी सरासरी वा एकूण वेळ ग्राह्य धरावी आणि घट-निर्देशांकाचा उपयोग झालाच तर एकाच खेळाडूच्या सरावाची दिशा ठरविण्यासाठी करावा, हे अधिक न्याय्य होय. राम्पिनिनी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंची २० मीटर जाऊन २० मीटर परत येण्याच्या सहा धावांची, मध्ये २० सेकंद विश्रांती असलेली चाचणी घेतली. त्यांनाही सामन्यातील अतिवेगवान धावेच्या अंतराशी संबंध आढळला तो सरासरी वेळेचा.

येथे एका आक्षेपाची नोंद घेणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सामन्यात अशा सलग वेगधावा खरोखर किती वेळा घडतात? कार्लिंग व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे विश्लेषण केले. अल्प विश्रांतीच्या किमान तीन वेगवान धावांचा प्रसंग एका खेळाडूच्या वाट्याला सामन्यात सरासरी सुमारे एकदाच आल्याचे त्यांना दिसले. बुंडेसलिगातील पुढील विश्लेषणातही अशा मालिका विरळच आढळल्या. यावरून काहींनी या चाचणीच्या उपयुक्ततेवरच प्रश्नचिन्ह लावले. हा आक्षेप वजनदार आहे, तथापि तो अर्धाच स्वीकारावा लागतो. विरळ प्रसंग बिनमहत्त्वाचा असतो असे नाही. मात्र या एकाच चाचणीवर खेळाडूची संपूर्ण योग्यता ठरविणे गैर आहे, एवढे त्यातून निश्चित निघते. यो-यो चाचणीबाबतही हेच म्हणता येईल. भारतीय क्रिकेटमध्ये २०१७ मध्ये १६.१ ही पात्रता-पातळी गाजल्यापासून ही चाचणी सर्वतोमुखी झाली. परंतु २० मीटर जाऊन-येऊन धावांच्या मध्ये दहा सेकंद विश्रांती देणारी व क्रमाक्रमाने गती वाढविणारी ती चाचणी खंडित दमदारपणा मोजते, कमाल वेगाची पुनरावृत्ती नव्हे.

प्रशिक्षणाची दिशा

महाविद्यालयीन खेळाडूला तासिका व प्रात्यक्षिके सांभाळून सरावासाठी तासभर मिळाला तरी पुष्कळ. त्या तासात काय करावे, याबाबत फेरारी ब्रावो व सहकाऱ्यांचा २००८ मधील प्रयोग मार्गदर्शक आहे. फुटबॉल खेळाडूंच्या एका गटाने सात आठवडे ४० मीटरच्या सहा शटल धावांचे तीन संच केले. दुसऱ्याने हृदयगतीच्या कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार धावा घेतल्या. व्हीओटू मॅक्स दोन्ही गटांत सुमारे सहा टक्क्यांनी वाढला. यो-यो चाचणीत वेगधाव गटाची प्रगती २८ टक्के, तर दुसऱ्याची १२.५ टक्के झाली. पुनरावृत्त वेगधावेची सरासरी वेळ केवळ वेगधाव गटातच, सुमारे २.१ टक्क्यांनी सुधारली. मंद गतीच्या दीर्घ फेऱ्यांना या दोहोंतही स्थान नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

मूळ वेग वाढविण्यासाठी पूर्ण विश्रांतीच्या वेगधावा व स्फोटक शक्तीचे व्यायाम आवश्यकच आहेत, कारण सरासरी वेळेवर सर्वाधिक प्रभाव सर्वोत्तम वेळेचा असतो. भार प्रशिक्षणाविषयी मात्र एक अनपेक्षित निष्कर्ष हाती आला आहे. हिल-हास व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये महिलांच्या दोन गटांना पाच आठवडे सारखेच भार प्रशिक्षण दिले. संचांमधील विश्रांती एका गटाला २० व दुसऱ्याला ८० सेकंद होती. ताकद दीर्घ विश्रांतीच्या गटात अधिक वाढली : ४६ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे २० टक्के. पुनरावृत्त वेगधाव क्षमता मात्र अल्प विश्रांतीच्या गटात १२.५ टक्के, तर दीर्घ विश्रांतीच्या गटात ५.४ टक्के सुधारली. अधिक ताकद म्हणजे अधिक क्षमता, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

चाचणीतील सावधगिरी

चाचणीत पुढे धावा आहेत हे ठाऊक असल्याने खेळाडू पहिली धाव राखून घेतो. त्यामुळे घट कमी दिसते व निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणून आधी एकच शटल धाव कमाल वेगाने घेऊन तिची वेळ नोंदवितात. चाचणीतील पहिली धाव तिच्यापेक्षा अडीच टक्क्यांहून अधिक मंद आली, तर चाचणी थांबवून पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा घेतात. राम्पिनिनी यांच्या अभ्यासात हीच पद्धत अनुसरली होती. तिला कोणताही खर्च नाही.

खर्चाचा प्रश्न वेळमापनात येतो. सात आठवड्यांच्या सरावाने २.१ टक्के सुधारणा झाली, तर ७.२ सेकंदांच्या सरासरीत ती सुमारे ०.१५ सेकंद भरते. हातातील स्टॉपवॉचने घेतलेल्या वेळेत ०.२ सेकंदांपर्यंतचा फरक केवळ बोटाच्या हालचालीमुळे पडू शकतो. प्रकाशद्वारे असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोड्याच महाविद्यालयांना परवडते. ती नसेल तेथे दोन्ही चाचण्यांना तोच वेळाधिकारी, तेच मैदान, तीच पादत्राणे व दिवसाची तीच वेळ ठेवावी, सहाही धावांची सरासरी घ्यावी आणि ०.१ सेकंदाच्या फरकावरून एखाद्या विद्यार्थ्याचे नाव संघातून काढू नये.